वाचकांचे प्रश्न : नोकरी की स्वतःचा गाळा?

नाशिकहून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ३८ असून अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी १४ वर्षे नोकरी करतो. ऑपरेटर म्हणून लागलो, आता मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४ हजार आहेत, कपात होऊन हातात ३६ हजार येतात. नवीन मॅनेजर आल्यापासून एका दिवसाच्या रजेसाठीही तीनदा विचारावे लागते, आणि माझ्याहून कमी अनुभव असलेला माणूस मला सेटिंग शिकवतो. कंपनीचे मालक म्हणतात, ‘तू स्वतःचे व्हीएमसी (धातूचे भाग कापून घडवणारे संगणकचलित मशीन) घे, आमचेच जॉब तुला देतो, तासाला ४०० रुपये.’ जुने मशीन १४ लाखांना मिळते आहे. चार लाख माझे, दहा लाख कर्ज, एक पाळी मी आणि एक ऑपरेटर असा विचार आहे. वडील ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ म्हणतात, तर पत्नीचा ठाम विरोध आहे. मी कोणाचे ऐकावे? – एक वाचक, अंबड

उत्तर : वडिलांच्या म्हणीचा आधार घेऊ नये. उत्तम म्हटलेल्या शेतीत काय उरते, हे निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसानंतर विचारून पाहावे. मालक, वडील आणि पत्नी या तिघांच्या मतांआधी तुमचेच आकडे कागदावर मांडू या.

तुम्ही तुमचा पगार ३६ हजार समजता, तो तेवढा नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी कापले जाणारे १२ टक्के, म्हणजे २,८८० रुपये, तुमचेच आहेत. कंपनी पूर्ण मूळ पगारावर वर्गणी भरत असेल, तर तेवढेच तीही घालते, आणि त्यांतले १,२५० निवृत्तिवेतन योजनेत जातात. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी असते आणि महिना २६ दिवसांचा धरतात. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे १३,८५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेअकराशे जमा होत असतात. ही सगळी बेरीज ४३ हजारांच्या घरात जाते, आणि तीत भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस, कँटीन धरलेले नाही. स्वतःच्या गाळ्यातून ३६ हजार सुटू लागले की ‘पगाराएवढे मिळायला लागले’ असे पुष्कळांना वाटते, आणि पहिली फसगत तिथेच होते.

आता मशीनकडे येऊ. दहा लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो. गाळ्याचे भाडे १५ हजार, ऑपरेटर २० हजार, वीज १४ हजार, इन्सर्ट (कापणारी पाती), कूलंट आणि तेल १२ हजार, टेम्पो, हिशेबनीस व किरकोळ खर्च ६ हजार, आणि जुने मशीन असल्याने दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ६ हजार. हे माझे अंदाज आहेत, तुमच्याकडे थोडे वर-खाली होतील. पण एकूण ९५ हजारांच्या आसपास येतात. त्यात तुमचे ४३ हजार मिळवले की महिन्याला १ लाख ३८ हजार हवेत. तासाला ४०० रुपये दराने ते ३४५ तासांत मिळतात. आठ तासांच्या दोन पाळ्या आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर एकूण तासच ४०० होतात. सेटिंग, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा सांगाडा) बदलणे, पहिला नग तपासून पास होईपर्यंतची वाट, कास्टिंग (कामासाठी येणारे ओतीव भाग) उशिरा येणे, वीज जाणे, ऑपरेटरचे गावी लग्नाला जाणे, हे सगळे उरलेल्या ५५ तासांत बसेल का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. मशीन २६० तास चालले तर १ लाख ४ हजार हाती येतील आणि महिनाभराच्या तुमच्या श्रमांचे ९ हजार उरतील. २६० तासांत घर चालवायचे असेल, तर दर तासाला सुमारे ५३० रुपये हवा. शिवाय एखादा लॉट रिजेक्ट झाला, तर मजुरी जाते ती जाते, वर कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट येते, म्हणजे ती रक्कम तुमच्या बिलातून कापली जाते. तुम्ही सुपरवायझर असताना तो तोटा कंपनीचा होता.

मालकांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. व्यवहार म्हणून त्यांचा प्रस्ताव चोख आहे. मशीनचे भांडवल तुमचे, रिकाम्या तासांचा तोटा तुमचा, ऑपरेटरची जबाबदारी तुमची, आणि १४ वर्षे तयार झालेला हात मात्र त्यांच्याच कामावर राहणार. वाहन उद्योगात २०१९ साली मंदी आली, तेव्हा नाशिकच्या मोठ्या कारखान्यांनी ‘नो प्रॉडक्शन डे’ जाहीर केले होते. अशा दिवशी कायम कामगाराचे नाव पटावर असते. जॉब वर्क करणाऱ्याला फक्त शेड्यूल येत नाही. त्याला कोणी कामावरून काढलेले नसते, म्हणून दाद मागायलाही जागा नसते.

स्वतःच्या गाळ्यात जे स्वातंत्र्य मिळेल असे वाटते, त्याचाही हिशेब याच पद्धतीने करावा लागेल. ज्या मॅनेजरपासून सुटायचे आहे, त्याच्याच टेबलावर उद्या तुमची बिले मंजुरीसाठी जातील, आणि आज तो तुमची रजा अडवतो तशी उद्या तुमची रक्कम अडवू शकेल. फरक इतकाच की नोकरीत त्याच्या अधिकाराला हजेरीपट, रजेचे नियम आणि कामगार कायदा यांची कुंपणे आहेत, तर गाळ्यातली कुंपणे तुम्हाला स्वतः करारात लिहून घालावी लागतील. माझ्या मते स्वतंत्र माणूस ओळखायची खूण एकच आहे : एखादे काम, दर किंवा माणूस पटला नाही, तर नाही म्हणून पुढचे तीन महिने घर चालवण्याची त्याची ऐपत आहे की नाही. एकच ग्राहक असलेल्या गाळेवाल्याकडे ती ऐपत नसते. तो भविष्यनिर्वाह निधी नसलेली नोकरीच करत असतो.

कायदा या बाबतीत छोट्या उद्योजकाच्या बाजूने आहे, पण तो वापरायलाही ऐपत लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे चुकते करावे लागतात; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि दाद सुलभता परिषदेकडे (असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) मागता येते. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकर कायद्यानेही हा फास आवळला आहे : मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, मोफत होते. ती पहिला नग पाठवण्यापूर्वीच करून घ्यावी. मात्र ज्याच्याखेरीज दुसरा ग्राहक नाही, त्याच्याविरुद्ध परिषदेकडे अर्ज कोण करणार? अंबड-सातपूरच्या गाळ्यांतून ६० आणि ९० दिवसांची उधारी मुकाट्याने सोसली जाते ती कायद्याच्या अज्ञानापोटी नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा. नोकरी आज सोडू नये. आधी दुसरा ग्राहक शोधावा, आणि तो शक्यतो वाहन उद्योगाबाहेरचा असावा. नाशिक-सिन्नरकडे विद्युत उपकरणे आणि यंत्रे बनवणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांची मंदी वाहनवाल्यांच्या मंदीबरोबर येतेच असे नाही. कंपनीच्या वेळेत किंवा कंपनीचे ड्रॉइंग वापरून हा शोध करू नये, कारण नेमणूकपत्रातील अटी नंतर अंगाशी येतात. मालकांशी बोलताना ४०० चा दर मान्य करायचा असेल, तर महिन्याला किमान तासांची हमी मागावी. हमी देत नसतील तर दर वाढवून मागावा. आणि रिजेक्शनची मर्यादा, फिक्स्चरची मालकी व ४५ दिवसांत पैसे, ही तीन कलमे परचेस ऑर्डरवर लिहून घ्यावीत. त्यांनी ‘आपल्यात कागद कशाला’ म्हटले, तर तुम्हाला उत्तर मिळालेच. हातातले चार लाख मशीनमध्ये घालणार असाल, तर गाळ्याचा तीन महिन्यांचा आणि घराचा सहा महिन्यांचा खर्च कुठून येणार, हेही ठरवावे लागेल. पहिल्या महिन्याचे बिल ६० दिवसांनी वटले, तर पहिला रुपया तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दिसतो.

दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. औद्योगिक वसाहतीतला गाळा पोटभाड्याने घ्यायचा तर मूळ भूखंडधारकाने औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसीची) परवानगी घेतलेली असावी लागते. ती पाहिल्याशिवाय अनामत देऊ नये. आणि एकच ऑपरेटर ठेवला तरी तुम्ही मालक होता : त्याचा हात मशीनमध्ये सापडला, तर कायद्याने भरपाई तुमच्यावर येते, त्यामुळे विमा पहिल्या दिवसापासून हवा. नोकरी सोडलीच, तर भविष्यनिर्वाह निधी भांडवल म्हणून काढू नये. निवृत्तिवेतन योजनेत तुमची दहा वर्षांहून अधिक सेवा झालेली असल्याने ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळण्याचा हक्क नोकरी सोडल्याने जात नाही, एवढा दिलासा आहे.

राहता राहिला पत्नीचा विरोध. बँकेत किती रक्कम असली तर तुमची हरकत नाही, असे त्यांना सरळ विचारावे. त्या जो आकडा सांगतील तो बहुधा मी वर काढलेल्या आकड्यांच्या जवळपास असेल. आणखी एक स्पष्ट बोलतो : तुमच्या मूळ, संक्षिप्त न केलेल्या पत्रात मशीनविषयी दोन ओळी आहेत आणि मॅनेजरविषयीचा राग त्याहून बराच जास्त आहे. राग एवढाच प्रश्न असेल, तर १४ वर्षांच्या अनुभवाला सिन्नर किंवा गोंदेकडच्या दुसऱ्या कंपनीत मागणी आहे. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे तिथे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील, हे खरे. पण सध्याच्या कंपनीकडून ग्रॅच्युइटीचे जवळजवळ १ लाख ९४ हजार मिळतील, आणि कर्ज शून्य राहील.

प्रश्न : मी २९ वर्षांची वाणिज्य पदवीधर आहे. दोन वर्षांपूर्वी एका कर सल्लागारांकडची नोकरी सोडून पाथर्डी फाट्याच्या घरूनच दहा-बारा दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी विवरणपत्रे करते. महिन्याला २८ ते ३० हजार सुटतात. पण दुकानदार रात्री अकराला बिलांचे फोटो पाठवतात, आणि सासूबाईंपासून शेजारच्यांपर्यंत सगळे ‘घरीच तर असतेस’ म्हणून कामे सांगतात. आता गंगापूर रोडवरच्या एका बांधकाम कंपनीत लेखा विभागात २६ हजारांची नोकरी मिळते आहे. तिथे चाळीसेक माणसे आहेत. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. स्वतःचे काम सोडून पुन्हा कोणाच्या हाताखाली जाणे म्हणजे हार मानणे ठरेल का? – एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : हार-जितीचा विचार बाजूला ठेवावा. नोकरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण तुमच्या पत्राच्या शेवटाकडच्या ओळीत आहे. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. २६ हजारांच्या पगारावर ते सहा महिन्यांचे सुमारे दीड लाख होतात. स्वतःच्या कामात तेवढे दिवस बिल निघणार नाही. एवढेच नव्हे, तर विवरणपत्रांच्या तारखा कोणासाठी थांबत नसल्याने दुकानदार दुसरीकडे जातील आणि परतल्यावर सगळे नव्याने उभे करावे लागेल. घरून काम केले की मूल सांभाळता येते, हा समज ज्यांनी मांडीवर बाळ घेऊन २० तारखेच्या रात्री पोर्टल उघडण्याची वाट पाहिली आहे त्यांचा नसतो.

रात्री अकराच्या फोटोंविषयी मात्र थोडे कठोर लिहितो. जीएसटीच्या मासिक ३बी विवरणपत्राची तारीख २० आणि दुकानदार १९ ला रात्री बिले पाठवतो, कारण त्याला उशिराची किंमत मोजावी लागत नाही. ती तुम्ही झोपेच्या रूपाने मोजता. विवरणपत्राला उशीर झाला तर सरकार त्याच्याकडून दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क घेते, मग तुम्हीही तुमचे शुल्क ठरवायला काय हरकत आहे? बिले सात तारखेपर्यंत आली तर ठरलेला दर, त्यानंतर आली तर दीडपट, असे एका ओळीत सगळ्यांना कळवावे. दोघे-तिघे रागावतील. ते बहुधा तेच असतील ज्यांच्याकडून मागचे दोन महिने येणे बाकी आहे.

घरच्यांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तुम्ही चप्पल घालून बाहेर पडत नाही, म्हणून तुमचे काम कोणाला दिसत नाही. त्याच पैशासाठी रोज सकाळी गंगापूर रोडला जाऊ लागलात, तर गॅसचा सिलिंडर घ्यायला कोणीतरी दुसरे आपोआप सापडेल. हे न्याय्य नाही, पण असेच घडते. सासूबाईंशी बोलताना कामाचे महत्त्व समजावण्यापेक्षा वेळ सांगणे जास्त उपयोगी पडते : दहा ते एक दार बंद असेल, दीडनंतर मी मोकळी आहे.

नोकरी घेतल्यावर सगळे दुकानदार सोडायची गरज नाही. वेळेवर बिले आणि वेळेवर पैसे देणारे दोन-तीन ठेवावेत, आणि नेमणुकीच्या वेळीच कंपनीकडून तशी लेखी परवानगी घ्यावी. तोंडी ‘चालेल हो’ वर विसंबू नये. मूल दोन-तीन वर्षांचे झाल्यावर पुन्हा स्वतःचे काम सुरू करावेसे वाटले, तर तेच दोघे-तिघे नव्या कामाचा पाया होतील, आणि तेव्हा दर तुम्ही ठरवाल.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या सरकारी नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालो. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत आहे. धाकटा २६ वर्षांचा, आयटीआय झालेला, जेलरोडला स्वतःचे दुचाकीचे गॅरेज चालवतो आणि थोरल्यापेक्षा जास्त कमावतो. तरी स्थळे येतात आणि ‘नोकरी असती तर’ म्हणून परत जातात. त्याला नोकरी धरायला लावावी का? – एक वडील, नाशिकरोड

उत्तर : लावू नये. चांगला चाललेला धंदा स्थळासाठी बंद करणारा मुलगा पुढे लग्नालाही दोष देतो आणि वडिलांनाही. पण मुलीकडच्यांचेही पूर्ण चुकते असे नाही. प्रेसमधली नोकरी म्हणजे काय, हे नाशिकरोडला कोणाला समजावून सांगावे लागत नाही : पगार, क्वार्टर, निवृत्तिवेतन सगळे आधीच ठाऊक असते. गॅरेजचे उत्पन्न मात्र तुम्ही सांगता एवढ्यावरच ठरते, आणि आपल्या मुलाचे उत्पन्न कमी सांगणारा बाप अजून जन्माला यायचा आहे.

तेव्हा उत्पन्न कागदावर आणावे. रोजचा गल्ला बँकेत जमा होऊ द्यावा आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र दरवर्षी भरावे, कर लागत नसला तरीही. घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकही व्यावसायिकाकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, त्यामुळे हे कागद लग्नापलीकडेही उपयोगी पडतील. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते त्याच्या नावाने उघडावे. वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि १५ वर्षांची मुदत असल्याने गल्ल्यात हात घालावा तसा त्यात घालता येत नाही. आरोग्य विमा त्याने स्वतःच घ्यायला हवा, कारण हाताला दुखापत झालेल्या मेकॅनिकला पगारी रजा कोणी देत नाही. आठवड्यातून एक दिवस शटर बंद ठेवायची सवय लग्नापूर्वीच लावावी. नंतर ती सून लावते, आणि वाद होतो.

गॅरेजची जागा भाड्याची असेल, तर सगळ्यात आधी करारनामा काढून पाहावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. जेलरोडला तीन वर्षांत गिऱ्हाईक जमवलेल्या मुलाकडे अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला आणि मुदत संपलेला कागद असेल, तर मालकाकडे जाऊन निदान तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करून घ्यावा, आणि पुढच्या स्थळाला तोही दाखवावा.